आधी हिशेब, मग हॅमॉक: वीज न पोचलेल्या जंगलघरातली सुट्टी

माझा धंदा हिशेब तपासण्याचा. वर्षभर लोकांच्या वह्यांतल्या चुका शोधते आणि वर्षातून एकदा आठ-दहा दिवस थोरल्या बहिणीबरोबर अशा ठिकाणी जाते, जिथे विजेची तार नाही, पाण्याची लाइन नाही आणि फोनला रेंज नाही. उष्ण कटिबंधातलं दाट जंगल, खांबांवर उभं लाकडी घर, छपरावर दोन-चार सोलर पॅनेल. आतापर्यंत अशी पाच घरं झाली. पहिल्या घरात आराम सोडून बाकी सगळं झालं. पाचव्यात मी सलग तीन दुपारी नुसती पडून होते.

पहिल्या घराच्या जाहिरातीत ‘चोवीस तास सौरवीज’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पलंगाखालून कर्कश ओरडा सुरू झाला. ताई ताडकन उठून बसली. “अगं, कुठला प्राणी शिरला?” प्राणी नव्हता, इन्व्हर्टर होता. बॅटरी संपल्याचं सांगत होता. मग पंखा थांबला, मच्छरदाणीतली हवा जागच्या जागी गोठली आणि उरलेली रात्र आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत काढली. सकाळी घर सांभाळणाऱ्या माणसाने एकच प्रश्न विचारला, “किटली लावली होती का?” लावली होती. ताईने घरून आणलेली, दिवसातून सहा वेळा.

त्या दिवशी वहीत मांडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की असं घर म्हणजे एक लहानशी पेढी आहे. रोज जमा होईल तेवढंच खर्चायचं, उधारी मिळत नाही. एकदा हे बसवलं की डोक्याला काही काम उरत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पहिला दिवस पूर्ण कामाला द्या. पहिल्याच संध्याकाळी हॅमॉकमध्ये जाऊन पडणारे लोक तिसऱ्या रात्री जागे असतात.

पैसे भरण्याआधी

फोटो बघू नका, प्रश्न विचारा. बॅटरी किती अँपिअर-अवरची, शिशाची की लिथियमची? पंखा बॅटरीवर थेट चालतो की इन्व्हर्टरमधून? पाणी पावसाचं, झऱ्याचं की विहिरीचं? गाडी सोडल्यावर किती चालायचं, वाटेत ओढा आहे का, आणि पाऊस पडला की तो ओलांडता येतो का? संडास कसला? खिडक्यांना जाळी आहे का? सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) ठेवणारं रुग्णालय किती तासांवर आहे? रात्री जवळपास माणूस असतो का?

शेवटच्या दोन प्रश्नांना “काळजी करू नका हो, इथे काही होत नाही” असं उत्तर आलं तर मी ते घर सोडते. चांगला घरमालक तासांचा नेमका आकडा सांगतो.

महिन्याचंही विचारा. उष्ण कटिबंधात उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा कोरडा हंगाम आणि ओला हंगाम हाच खरा फरक, आणि विषुववृत्ताजवळ बऱ्याच ठिकाणी वर्षातून दोनदा पावसाळा येतो. ऐन पावसात जंगल सुंदर दिसतं, पण पॅनेलला ऊन मिळत नाही. माझी पसंती कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला: टाक्या भरलेल्या असतात आणि आभाळ उघडलेलं असतं.

प्रवासाला निघण्याच्या किमान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जा. मलेरियाच्या गोळ्या लागतील का हे ठिकाणावर ठरतं, आणि काही गोळ्या निघण्याच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. पीतज्वराची लस लागणारा देश असेल तर ती पोचण्याआधी किमान १० दिवस घेतलेली हवी. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो, त्यामुळे तो कागद जपून ठेवा.

विजेचा जमाखर्च

अशा लहान घरांत नेहमी भेटते ती १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी. गुणाकार केला की १२०० वॅट-तास होतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हातात खरे ६०० धरायचे. म्हणजे आपल्या वीजबिलावरचं अर्ध्याहून थोडं जास्त युनिट, पूर्ण दिवस-रात्रीसाठी. तेवढीच लिथियम बॅटरी असेल तर हजारापर्यंत धरता येतात.

आता खर्च बघा. ५ वॅटचे चार एलईडी दिवे चार तास: ८०. दोन फोन, चार्जिंगमधली गळती धरून: ४०. थेट बॅटरीवर चालणारा २५ वॅटचा पंखा आठ तास: २००. बेरीज ३२०. आरामात बसतं. पण तोच पंखा घरातल्यासारखा ७५ वॅटचा असेल, तर एकट्याचेच ६०० होतात आणि तुम्ही अंधारात. ताईची किटली लहान होती, तरी एका वेळेला साधारण १०० खायची. सहा वेळा चहा म्हणजे अख्खी बॅटरी चहात बुडाली. चहाला गॅस आहे, चूल आहे. उष्णता तयार करणारी कुठलीही वस्तू, मग ती इस्त्री असो, केस वाळवायचं यंत्र असो की किटली, या घरात आणायचीच नाही.

आणि एक छुपा खर्च, जो मला दुसऱ्या घरात सापडला. इन्व्हर्टरला काहीच जोडलेलं नसलं तरी तो स्वतःसाठी १०-१५ वॅट घेत राहतो. दिवसभर चालू ठेवला तर २४० ते ३६०. आमचे सगळे दिवे आणि फोन मिळून एवढे खात नव्हते! कुणीतरी न केलेल्या कामाचा पगार उचलतोय, असं वहीत सापडलं की मला जो आनंद होतो, तोच तेव्हा झाला. तेव्हापासून नियम असा, की दिवे आणि पंखा थेट बॅटरीवर असतील तर इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपपुरता चालू करायचा आणि लगेच बंद.

उलट बाजूही आहे. चांगल्या उन्हात दुपारपर्यंत बॅटरी भरते आणि चार्ज कंट्रोलर पॅनेलकडून येणारी वीज घेणं थांबवतो. ती दुपारची कमाई वाया जाते. म्हणून पॉवर बँक, टॉर्च, कॅमेरा, जे काही चार्ज करायचं ते ११ ते ३ या वेळात करायचं. रात्री फोन पॉवर बँकेवर लावायचा, बॅटरीला हात लावायचा नाही.

कंट्रोलरच्या पडद्यावर व्होल्ट दिसतात, ते सकाळी उठल्या उठल्या, काहीही चालू करण्याआधी बघा. शिशाची बॅटरी विसावलेली असताना १२.७ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.१ म्हणजे साधारण निम्मी. १२.१ च्या खाली गेली असेल, तर आज ढग येवोत न येवोत, पंख्याचे दोन तास कमी. दाट ढगांच्या दिवशी पॅनेल नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंही देत नाहीत. हे गणित मी पहिले तीन दिवस वहीत लिहिते. मग घराचा स्वभाव कळतो आणि वही बॅगेत जाते.

फ्रिजवर भिस्त ठेवू नका. असलाच तर गॅसवरचा असेल, तो चांगला चालतो आणि आवाजही करत नाही. बॅटरीवरचा असेल तर बाकी सगळ्यांचा वाटा तोच खातो. नासणाऱ्या वस्तू पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, नंतर तांदूळ, कडधान्यं, कांदे-बटाटे आणि अंडी.

पाणी

पावसाचं पाणी साठवणाऱ्या घराचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो तोंडी करता येतो: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. ५० चौरस मीटरचं छप्पर आणि २० मिलिमीटरची सर म्हणजे १००० लिटर. सांडण्या-उडण्यात थोडं जातं. चौथ्या घरात ताई सरळ बाजूंचा एक डबा अंगणात ठेवायची आणि सर ओसरली की त्यात पट्टी बुडवायची. “बावीस!” ती ओरडायची, आणि मी आतून, “चला, केस धुवा!”

ऋण बाजूला शॉवर आहे. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, बादलीची अंघोळ १५ लिटरमध्ये होते. तसाही टाकी दोन मीटर उंचीवर असेल तर दाब इतका कमी असतो की शॉवरमधून नुसती पागोळी गळते. १० मीटर उंचीला कुठे एक बार (साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब मिळतो. बादली घ्या. काळा पाइप उन्हात पसरून ठेवला असेल तर दुपारी चारला कढत पाणी येतं आणि सातला थंडगार. अंघोळ चारला करायची.

पिण्याचं पाणी झऱ्याचं स्वच्छ दिसलं तरी उकळायचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. पोकळ तंतूंचे प्रवासी फिल्टर जिवाणू आणि मोठे परजीवी अडवतात, पण विषाणू त्यातून निसटतात, म्हणून फिल्टर केलेलं पाणीही मी उकळते. रात्री जेवणाच्या गॅसवरच उकळून ठेवलं की सकाळपर्यंत निवतं.

संडासाबद्दल लोक कुजबुजत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. कोरडा, खत होणारा संडास योग्य वापरला तर शहरातल्या फ्लशपेक्षा कमी वास मारतो. गुपित एवढंच, की त्यात ओल साठू द्यायची नाही आणि प्रत्येक वेळी वर मगभर भुसा किंवा वाळलेला पालापाचोळा टाकायचा, दिसायचं बंद होईपर्यंत. फिनाइल किंवा कसलंही जंतुनाशक ओतायचं नाही, कारण खत करणारे जंतूच त्याने मरतात. सॅनिटरी पॅड त्यात जात नाहीत, ते पिशवीत बांधून परत आणायचे.

ओल

साप, कोळी, विंचू यांना सगळे घाबरतात, पण या सुट्टीचा खरा शत्रू ओल आहे. पाचही घरांत मला रडवलं ते तिने. हवाच इतकी दमट असते की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, फक्त वेगवेगळ्या प्रकारे ओला राहतो. चष्मा धुकट होतो. मीठ ढेकूळ होतं. काड्यापेटी मऊ पडते (लायटर न्या, दोन न्या). चामड्याच्या पट्ट्यावर चौथ्या दिवशी हिरवट पांढरी लव उगवते, बोटाने पुसली तर जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

यावरचा उपाय म्हणजे कपड्यांचे दोन कप्पे. एक दिवसाचा जोड: तो ओला होणार, घामाने होणार, पावसाने होणार, हे आधीच मान्य करायचं. दुसरा रात्रीचा जोड: हा घट्ट झाकणाच्या पिशवीत, फक्त अंघोळीनंतर अंगावर घालायचा आणि घालून पायरीखालीसुद्धा उतरायचं नाही. सकाळी कालचे ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. पहिल्या वेळी अंगावर काटा येतो. ताई म्हणाली, “मी नाही बाई असले गार कपडे घालणार,” आणि तिने रात्रीचेच कपडे घालून चक्कर मारली. त्या रात्री तिच्याकडे कोरडं काही उरलं नव्हतं. माझा मोज्यांचा शेवटचा कोरडा जोड तिला दिला. तो अजून परत आलेला नाही.

जीन्स नेऊ नका, ती वाळायच्या आत सुट्टी संपते. पातळ, पटकन वाळणारं कापड न्या. दुपारी ऊन पडलं की त्या दोन तासांत बाकी सगळं सोडून कपडे, गाद्या, उशा उन्हात. इथे ऊन बघून वेळ काढायचा असतो, घड्याळ बघून नाही.

कॅमेरा आणि दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. भिंगाच्या आत बुरशी धरली तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवर कायमची खूण करू शकते. पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर, कागदी पुडी करपू न देता, गरम केल्या की पुन्हा कामाला येतात.

पाय विसरू नका. दिवसभर ओल्या बुटात राहिलेले पाय रात्री पुसून, बोटांच्या मधे कोरडे करून, उघडे ठेवायचे. दिवसभरातलं हे एकच काम मी कंटाळा आला तरी चुकवत नाही.

सहा पायांचे, आठ पायांचे आणि बिनपायांचे

डासांच्या दोन पाळ्या असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, जास्त करून सकाळी उजाडल्यावरचे आणि मावळण्याआधीचे दोन तास. मलेरियाचा ॲनोफिलीस रात्रीचा. म्हणजे मच्छरदाणी लावली की झालं, असं नाही. २० ते ३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम उघड्या अंगाला, आणि आधी सनस्क्रीन, मग डीट. डीट प्लॅस्टिक खातं: माझ्या घड्याळाचा पट्टा चिकट झाला आणि चष्म्याच्या दांडीवर माझे ठसे उमटले. हात पुसून मगच वस्तूंना हात लावा. मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचायची, आणि खोचण्याआधी आत टॉर्च फिरवायची. आत अडकलेला एक डास बाहेरच्या पन्नासांपेक्षा वाईट. एडिस साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून ताईचा पावसाचा डबासुद्धा मोजून झाल्यावर उपडा.

संध्याकाळी पांढरा दिवा लावला की जंगल घरात येतं. पिवळसर दिवा लावा, कमी किडे येतात. भिंतीवरच्या पालीला हाकलू नका, ती फुकट काम करते.

जळवा सगळ्याच जंगलांत नसतात, पण आशियातल्या ओल्या जंगलात वाटेवर भेटतातच. पहिल्यांदा मला लागली तेव्हा मी मीठ शोधत पळाले. ते चुकीचं. मीठ, पेटती काडी किंवा तंबाखू लावली की ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोक असतं ते तिचं तोंड. त्याच्या शेजारी कातडीला नख टेकवून आडवं सरकवा, पकड सुटते. मग दुसरं टोक तसंच. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती गेल्यावरही रक्त बराच वेळ ठिबकतं. ते बघून घाबरायचं कारण नाही. धुवायचं, पट्टी दाबायची.

मध्य किंवा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात असाल आणि एखाद्या सकाळी जमीन काळी होऊन सरकताना दिसली, तर त्या लष्करी मुंग्या. त्या घरातून जातात आणि वाटेतली झुरळं, विंचू, कोळी सगळं साफ करतात. मारायचा, पाणी ओतायचा प्रयत्न करू नका. खाणं घट्ट बंद करा, बाहेर पडा, काही तासांनी झाडलेल्या घरात परत या.

सापांबद्दल सवयी पुरतात. बूट घालण्याआधी उपडे करून आपटायचे. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून पलीकडे थेट पाय टाकायचा नाही: आधी ओंडक्यावर चढायचं, पलीकडे बघायचं, मग उतरायचं. न दिसणाऱ्या जागी हात घालायचा नाही. अंधारात दोन पावलांसाठीही टॉर्च. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठी-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा बांधा, माणसाला शक्यतो चालू देऊ नका आणि रुग्णालयाकडे निघा. म्हणून बुकिंगच्या वेळीच तास विचारायचे. वटवाघूळ, माकड किंवा कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं, तरी साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी निघायचं. “बघू उद्या” इथे चालत नाही.

आता पडा

हॅमॉक बांधण्याआधी वर बघा. जंगलात अंगावर काही पडलंच तर ती वाळकी फांदी असण्याचा संभव वाघ-बिबट्यापेक्षा जास्त. वर मेलेली फांदी लटकत असेल, झाडाला पोकळी असेल, तर दुसरं झाड. पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करतील इतके सैल ठेवा. ताणून बांधलेला हॅमॉक केळ्यासारखा वाकवतो आणि पाठ धरते. त्यात सरळ झोपायचं नाही, तिरकं: डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या. कापड सपाट होतं. ही गोष्ट मला चौथ्या घरात कळली, तोवर तीन वर्षं मी हॅमॉकला शिव्या देत होते.

दिवस आपोआप लवकर सुरू होतो. उजाडायच्या आधीच आवाज सुरू होतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हाउलर माकडं, ज्यांची गर्जना तीन-चार किलोमीटरवरून ऐकू येते, तर आग्नेय आशियात गिबनांची लांबवत नेलेली हाक. झोपेचा हट्ट धरू नका, चहा घेऊन बाहेर बसा. पहिले दोन तास सगळ्यांत जास्त हालचाल असते. दहानंतर जंगल गप्प होतं आणि तुम्हीही व्हा. दुपारी फिरायला जाणारे लोक मला समजत नाहीत.

चालायचं असेल तर सकाळी, आणि परतीची वेळ ठरवून. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी, बऱ्याच ठिकाणी सहाच्या आसपास मावळतो, आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. त्यातही घनदाट वर्षावनाच्या जमिनीपर्यंत वरच्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के पोचतो, म्हणजे झाडीत साडेपाचलाच अंधार. पाचला मी घरात असते. ओढ्यात डुंबताना पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तर तिथे ऊन असलं तरी लगेच वर या. वरच्या बाजूला कुठेतरी पाऊस पडलेला असतो. पायाला जखम असेल तर त्या दिवशी डुंबणं नाही.

रात्री आठपर्यंत जेवण आटोपतं आणि पुढे काय करायचं, असा प्रश्न पहिल्या दोन दिवशी येतो. दिवे घालवा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं घेतात, तेवढा धीर धरा. मग काजवे दिसतात, आणि ओल्या जंगलात नशीब असेल तर कुजक्या लाकडावर हिरवट उजेडाची बुरशी. तिसऱ्या घरात आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, ताई बराच वेळ बोलली नाही, म्हणून मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “ते लाकूड मघापासून माझ्याकडे बघतंय.” टॉर्च लावली तर साधं कुजकं खोड. टॉर्च विझवली, पुन्हा थोडा वेळ गेला, आणि ते परत उजळलं.

पुस्तकं कागदी न्या, दोनच. माणसं आठ नेतात आणि सातांना बुरशी लागते.

अडलंच तर

निघण्याआधी घरच्या एका माणसाला घराचा नकाशावरचा ठिकाणा, घर सांभाळणाऱ्याचा नंबर आणि “या तारखेला या वेळेपर्यंत फोन आला नाही तर अमुक कर” एवढं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर उत्तमच, पण दाट झाडीखाली ते नीट चालत नाही. आकाश उघडं दिसेल अशी जागा पहिल्याच दिवशी शोधून, तिथून एकदा संदेश पाठवून बघा. आणि ज्या देशात जाताय तिथले नियम आधी वाचा: काही देशांत, भारतातही, परवानगीशिवाय असं यंत्र बाळगल्याने पकडलं जाऊ शकतं.

औषधांत क्षारसंजीवनीची पाकिटं भरपूर, बाकी डॉक्टर सांगतील ते.

निघताना

शेवटच्या सकाळी इन्व्हर्टर बंद, गॅसचा नळ बंद, बादल्या उपड्या, संडासात शेवटचा मगभर भुसा. टाकीत किती पाणी राहिलं आणि बॅटरीचा आकडा काय होता, ते पुढच्यांसाठी कागदावर लिहून ठेवते. मला कुणी असं लिहून ठेवलेलं कधी मिळालं नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

परतल्यावर काही महिन्यांपर्यंत, अगदी वर्षभरात, ताप आला तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की कुठे गेला होतात. ते विचारतीलच असं नाही, आणि मलेरिया उशिरानेही डोकं वर काढतो.

बॅगा आणि कपडे तिथेच, अंगणात झटका. घरी आल्यावर नाही. पाचव्या घराहून निघताना आम्ही हे केलं, फक्त ताईचा रेनकोट राहिला. वीस मिनिटं चालून गाडीपाशी पोचलो, तिने रुमालासाठी खिशात हात घातला आणि किंचाळली. खिशात नखाएवढा बेडूक होता. गाडीवाला म्हणाला, सोडा इथेच, बाजूला. ताईने रस्त्याच्या तापलेल्या खडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बॅग खाली ठेवून खिसा हाताने धरून पुन्हा चढ चढायला लागली. न्हाणीघराच्या मागच्या ओल्या भिंतीपर्यंत. चाळीस मिनिटं गाडी उभी होती. थांबण्याचे पैसे मी भरले.